उत्तरेच्या डोंगरातला भाऊ

माझी बायको सुधा भूगोल शिकवून निवृत्त झाली आणि मुलीने घरी ठेवलेल्या कॉम्प्युटरवर राक्षस-जादूगारांचा एक गेम खेळायला लागली. लढाईत तिला रस नव्हता. ती त्यातली गावं बघत हिंडायची. एका गावात विहिरीवर बसलेली बाई म्हणाली, "माझा भाऊ उत्तरेच्या डोंगरात गेला, तो परतलाच नाही."

सुधाने तीन दिवस तो डोंगर पालथा घातला. बर्फावरचं ऊन सुरेख होतं, देवदारांच्या सावल्याही खऱ्या वाटत होत्या. भाऊ मात्र कुठेच नव्हता. ती विहिरीवर परत आली, तर बाईने तेच वाक्य पुन्हा ऐकवलं. "मी शोधून आले," एवढंही तिला सांगायची सोय गेममध्ये नव्हती.

सुधाने मुलीला फोन लावला. मुलगी म्हणाली, "आई, तो भाऊ गेममध्ये नाहीच आहे. गेम बनवणारे खूप मोठं काही करायला गेले आणि अर्ध्यावर सोडलं त्यांनी. ते नुसतं वाक्य आहे."

मी शेजारी बसून ऐकत होतो. एसटीत भेटलेलं माणूसही असंच एखादं वाक्य बोलून मधल्याच थांब्यावर उतरून जातं, पण ते पुढे कुठेतरी जगत असतं. हा भाऊ तर कुठेच नव्हता.

सुधाने मुलीला विचारलं, "ज्याने ते वाक्य लिहिलं, त्याला तरी ठाऊक असेल ना, तो भाऊ कुठे गेला ते?"