प्रत्येक राज्याला दोन

गेल्या शुक्रवारी, इथे आखातात, खैतानमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून, मी माझ्या धाकट्या जावेची परीक्षा बिघडवायचा प्रयत्न केला. लिहायला लाज वाटते... पण झालंय ते असंच.

ऋतुजा, म्हणजे माझ्या दिराची बायको, टेक्सासमध्ये असते. सोमवारी तिचा अमेरिकन सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू होता. त्यात त्यांच्या राज्यघटनेवर तोंडी प्रश्न विचारतात... आणि तयारी करून घ्यायला घरात हक्काची मास्तरीण एकच, ती मी.

कारण मी इथे अमेरिकन सिलॅबसच्या मुलांच्या ट्यूशन घेते. बारा वर्षं यूएस गव्हर्नमेंट शिकवतेय. फिलाडेल्फियात ते पुढारी ऐन उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावून घटना लिहायला बसले, बाहेर एक शब्द जाऊ द्यायचा नाही असं ठरवून... हे मी अशा थाटात सांगते की जणू आत पाणी नेऊन द्यायला मीच होते. अमेरिका मात्र मी अजून विमानाच्या खिडकीतूनसुद्धा पाहिलेली नाही.

आणि ऋतुजा... जिला लग्नानंतर राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्यातला फरक मी समजावला होता, ती आता तिथे मत देणार. माझा इथला अकामा, म्हणजे राहायचा परवाना, नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला. ती नोकरी आहे तोवर आम्ही इथे आहोत. चिपळूणच्या मतदार यादीत माझं नाव उरलंय की नाही तेही माहीत नाही, कारण निवडणुकीला कधी सुट्टीच जुळली नाही.

मला तिचा हेवा वाटत होता. थोडाथोडका नाही, चांगला पोटात दुखण्याइतका.

तर शुक्रवारी आमच्याकडे संध्याकाळ, तिच्याकडे सकाळ. व्हिडिओ कॉलवर तिच्या मागे ते मोठं अंगण दिसत होतं, ज्याचं कौतुक सासूबाई मला दर फोनवर ऐकवतात. मी प्रश्नांची यादी घेऊन बसले.

सरकारचे भाग किती? तीन. कायदे कोण करतं? काँग्रेस, म्हणजे तिथली संसद. आणि अध्यक्षाला तो कायदा नकोच असेल तर? "व्हेटो. पण दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं पडली की त्याचंही काही चालत नाही." धडाधड उत्तरं येत होती... आणि प्रत्येक बरोबर उत्तराला मी आतून चिडत होते. शिकवलं मीच होतं, तरी.

मग मी विचारलं, सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे सदस्य किती?

"ते लोकसंख्येवर असतं ना, वहिनी? मोठ्या राज्याला जास्त..."

चूक. लोकसंख्येवर असतं ते दुसरं सभागृह. हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

"बरोबर," मी म्हटलं. "पुढचा."

बस, एवढंच. कुणाला कळणार होतं? फोन ठेवल्यावर मी निवांत चहा केला... आणि खरं सांगते, तो मला गोड लागला.

शनिवारी सकाळी ट्यूशनला मरियम आली. तिचे आईवडील राजापूरचे, घरात सगळं मराठीत चालतं, पण ही उत्तर देते अर्धं इंग्लिशमध्ये. नेमका तोच धडा होता. ती म्हणाली, "मिस, दॅट्स नॉट फेअर. एवढुशा स्टेटला पण टू?"

मी नेहमीचं सांगायला लागले. छोट्या राज्यांना भीती होती की मोठी आपल्याला गिळतील. मोठ्यांना वाटायचं, माणसं आमची जास्त, मग वजन सारखं कसं? बैठक मोडायची वेळ आली होती. मग तोडगा निघाला... एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे, दुसऱ्यात सगळ्यांना सारखे. दोन म्हणजे दोन.

"त्यांनी कुणाला चांगलं वागा म्हणून सांगितलं नाही," मी म्हणत होते. "माणूस हेवा करणार, सत्ता मिळाली की ताणणार, हे धरूनच चालले. म्हणून एकावर दुसऱ्याची नजर ठेवली. अध्यक्षावर काँग्रेसची, काँग्रेसवर अध्यक्षाची, दोघांवर कोर्टाची..."

आणि कालच्या माझ्या 'बरोबर'वर कुणाची नजर होती? मरियम वहीतून मान वर करून बघत राहिली. मी तिला पान पूर्ण करायला सांगून किचनमध्ये जाऊन उभी राहिले.

टेक्सासमध्ये उजाडल्या उजाडल्या ऋतुजाला फोन लावला.

"काल एक उत्तर चुकलं होतं गं तुझं. सिनेटचं. प्रत्येक राज्याला दोन."

"हो वहिनी, मी कालच पुस्तकात बघितलं."

"का? मी तर बरोबर म्हटलं होतं."

"तुम्ही नुसतं बरोबर म्हणून कधी पुढे जाता का? उत्तर आलं तरी पाच मिनिटं इतिहास सांगता. काल सांगितला नाहीत... म्हटलं, एकदा बघून घ्यावं."

मग मी होतं ते सांगून टाकलं. "मला माहीत होतं ते चूक आहे. मला तुझा हेवा वाटतो, ऋतुजा."

ती म्हणाली, "माहितीये. चला, राहिलेले प्रश्न विचारा. आणि आज चुकले तर ओरडा."

सोमवारी ती पास झाली. सिनेटचा प्रश्न तिला विचारलाच नाही. मेसेज वाचून मला आधी पोटात दुखलं आणि मग आनंद झाला... याच क्रमाने.

हेवा गेला असं इथे लिहिलं तर ते खोटं ठरेल. पण माझ्यावर डोळे मिटून विश्वास न ठेवणारी आणि तरीही माझ्याकडेच शिकायला बसणारी जाऊ मला मिळाली आहे... तिचे मनापासून आभार.