बांबूला लागला तर एकच झेंडा

आमच्या टीमच्या कपाटात ट्रॉफी एकही नाही. किस्से मात्र इतके साचलेत, की चौघी चहाला जमलो की एक निघतो, त्याच्या मागून दुसरा, आणि शेवटी गाडी आमच्या फिलूवरच येऊन थांबते. मग कुणीतरी म्हणतं, "बास ना यार!" पण बास कुणीच करत नाही.

आम्ही मिरा रोडच्या बायका ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळतो. हसू नका! पपईसारखा लांबट बॉल, हातात घेऊन पळायचं आणि लाथेनं उडवायचा. उडालेला बॉल हवेतच झेलला तर त्याला 'मार्क' म्हणतात. शिट्टी वाजते, सगळ्या मागे होतात आणि झेलणारीला निवांत किक मिळते. दोन्ही टोकांना चार-चार खांब, त्यांतल्या मधल्या दोघांतून बॉल आरपार गेला की गोल, म्हणजे सहा पॉइंट. खांबाला नुसता चाटून गेला तरी गोल नाही, एकच पॉइंट! खांबांमागचा अंपायर गोलला दोन पांढरे झेंडे हलवतो, पॉइंटला एक. समोरच्या टोकाच्या अंपायरनंही तेवढेच हलवले, की मगच ते लिहितात.

मी पेणकरपाड्याची मित्रा, पळण्यात यथातथाच. म्हणून एका टोकाचे झेंडे माझ्या गळ्यात पडले. दुसऱ्या टोकाला रेजिना आंटी. फिलूची आई.

*

खांबसुद्धा आंटीचेच. उत्तनला, तिच्या किनाऱ्यावरच्या गावी, बोंबील वाळवायला बांबू रोवतात, त्यातले आठ तिनं टेम्पोत घालून पाठवले. पहिल्याच दिवशी सिल्व्हर पार्कचे एक अंकल नाकाला रुमाल लावून आले. "ये कौन सा खेल है भाई, मच्छी का?"

आमचे कोच परेशसर पक्के शाकाहारी, पण डगमगले नाहीत. "अंकल, खेल ऑस्ट्रेलिया का है, खुशबू उत्तन की!"

पावसाळा सरून बोंबील यायला लागले की आंटी बांबू परत न्यायची. म्हणजे आमचा सीझन कधी संपणार, ते बोंबील ठरवायचे.

*

फिलू झेलायची कशी, ते पाहायला क्रिकेटवाली पोरं आपली मॅच सोडून यायची. दोन बायकांच्या डोक्यावरून उडी, आणि बॉल छातीशी! परेशसरांनी विचारलं, "कुठं शिकलीस?"

"होडीवर. बाबा वरून मासळीची टोपली फेकायचा, मी खाली. टोपली पडली तर मासळी चिखलात, आन् मग आई हायच!"

वीस वर्षांची पोरगी. तिला एकच हवं होतं, ऑस्ट्रेलियात जाऊन खऱ्या टीमकडून खरी मॅच खेळायची. आम्ही खेळायचो मजेसाठी. ती नाही.

*

एकदा तिकडच्या एका क्लबची कोचबाई पोरी बघायला आली. शेवटचं मिनिट, आम्ही दोन पॉइंटनं मागे, मार्क घेतला फिलूनं. किक मारली, बॉल बांबूंतून गेला, आम्ही नाचायला लागलो.

रेजिना आंटीनं एकच झेंडा हलवला.

"आंटी!" आम्ही ओरडलो. "आरपार गेला!"

"बांबूला चाटला. मी बगितलं."

मी समोरून हात जोडले. आंटी एकच झेंडा हलवत राहिली. शेवटी मीही एक हलवला आणि आम्ही हरलो. फिलू रडायला लागली. आंटी म्हणाली, "पोरगी माजी हाय. बांबू पन माजाच हाय. लागला तं लागला!"

फिलू दोन दिवस आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी क्लबचं पत्र आलं. कोचबाईनं झेल पाहिला होता, झेंडा नाही! पगारी खेळाडू म्हणून आमच्यातली पहिली पोरगी चालली होती.

*

जाताना आंटीनं बॅगेत, मोज्यांच्या आत, सुके बोंबील कोंबले. तिकडच्या विमानतळावर ते काढून घेतले. फिलूचा फोन आला, "आई, बोंबील फेकले त्यांनी!"

"फेकतात कशाला? खाल्ले असतील!"

त्या दिवशी आंटी खूप हसली. तेवढं हसताना मी तिला नंतर पाहिलं नाही.

*

सीझन सुरू व्हायच्या आधीच सरावात फिलूचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. अख्खं वर्ष ती बाहेर बसून होती. व्हिडिओ कॉलवर मला म्हणाली, "मित्राताई, पडले, पण बॉल सोडला न्हाय हां!" मी 'शाब्बास' म्हटलं आणि फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले.

*

पुढच्या वर्षी तिची पहिली मॅच. इथं सकाळ होती. उत्तनला आंटीच्या घरी, येशूच्या तसबिरीला फोन टेकवून आम्ही नऊ जणी दाटीवाटीनं बसलो. आंटी झेंडे घेऊन बसली होती.

फिलू उतरली आणि पाचव्या मिनिटाला तीच उडी! मार्क! शिट्टी वाजली. सगळ्या मागे झाल्या, समोर खांब, किक तिची. पण ती उठेना. तोच गुडघा.

तिला उचलून नेलं. तिच्या जागी दुसरीनं किक मारली, गोल झाला, तिकडं लोक ओरडले. आंटीचे झेंडे मांडीवरच. मी हळूच म्हटलं, "आंटी, गोल."

"तिनं न्हाय मारला," आंटी म्हणाली आणि चुलीकडे निघून गेली.

दुसऱ्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं, आता खेळणं नाही. एक मॅच, एक मार्क. किक शून्य.

*

विमानतळावरून तिला मीच आणलं. उत्तन आलं तेव्हा म्हणाली, "आईला काय सांगू?" मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं.

बोंबलांचे दिवस होते. घरासमोरच्या आवारात बांबू परत रोवलेले, पलीकडे घराच्या पायरीवर आंटी उभी. मी बॅग घेऊन रिक्षापाशीच थांबले, कारण फिलूनं हात झटकला होता. दोन कुबड्या घेऊन ती एकटी निघाली. वाट दोन बांबूंच्या मधून जात होती, आणि जागा बेताचीच. एक कुबडी पलीकडे गेली, मग दुसरी, मग फिलू, बांबूला कुठंही न चाटता.

आंटीनं पाठीमागून दोन्ही झेंडे काढले आणि हलवले. दोन्ही! मग हात वरच ठेवून, फिलूच्या डोक्यावरून, ती माझ्याकडे बघत राहिली.

मी बॅग खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले.