आधी इचारा की

पूर्णा स्टेशनजवळच्या टॉकीजबाहेर एक मावशी भाजक्या शेंगा विकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ती मात्र पिक्चर सुटला की दारातून निघणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "कसा वाटला?" मनापासून सांगणाऱ्याच्या पुडीत वरून मूठभर शेंगा पडत. नुसतं "बरा हाय" म्हणणाऱ्याला काही नाही.

मी कॉलेजात असताना एक थरारपट लागला होता. चार पोरं आरशातून दुसऱ्या जगात शिरतात आणि तिथं हुबेहूब त्यांच्यासारखीच चार पोरं भेटतात. रेल्वेचे एक गार्ड म्हणाले, "सगळं झूट हाय." एक पोरगी म्हणाली, "माझं काळीज आजून धडधडायलंय." दोघांनाही मूठ सारखीच मिळाली.

मी विचारलं, "मावशी, त्या दुसऱ्या जगात तुम्ही काय करत असाल?"

"आत बसलेली असंन," ती हसली, "आन तुमी हितं शेंगा इकत असताल."

तेव्हा कळलं, या बाईनं आतला पडदा कधी पाहिलेलाच नाही. दुसऱ्या दिवशी तीनच्या खेळाचं तिकीट तिच्या हातात ठेवून मी टोपलीपाशी बसलो. माझी एक पुडी धड वळली जाईल तर शपथ!

खेळ सुटला. मावशी गर्दीतून आली आणि पदर सारखा करून गिऱ्हाइकासारखी माझ्यापुढं उभी राहिली. मी पुडी पुढं केली. ती हात लावेना.

"आसं कसं?" ती म्हणाली. "आधी इचारा की."