मागच्या बाजूने ओढलेली रेघ

आमच्या समोरच्या दारातल्या आजींना सगळी इमारत सर्टिफिकेटबाई म्हणते. अर्थात पाठीमागे. तोंडावर त्या नुसत्या 'बाई'. पस्तीस वर्षं त्यांनी एका महाविद्यालयाच्या कचेरीत एकच काम केलं. छापील प्रमाणपत्रावर जी जागा रिकामी सोडलेली असते, तिथे पास झालेल्यांची नावं हाताने लिहायची. त्यामुळे आसपासच्या निम्म्या डॉक्टर-वकिलांच्या भिंतीवर काचेआड त्यांचं अक्षर टांगलेलं आहे. दवाखान्यात गेल्या की आधी भिंतीकडे बघायच्या आणि मग डॉक्टरकडे. एका दातांच्या डॉक्टरला तर खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी ऐकवलं होतं, "तुमचं नाव मला दोनदा लिहावं लागलं, पहिल्या खेपेला शाई फुटली." तो डॉक्टर म्हणे त्या दिवशी फार हळुवारपणे दात काढत होता.

अक्षराबद्दल त्यांचा एकच सिद्धांत. अक्षर रेघेला टांगायचं, दोरीवर कपडे वाळत घालतो तसं. रेघेवर बसवायला गेलात की ते तारेवरच्या कावळ्यासारखं दिसतं.

निवृत्त झाल्यावर हा हात रिकामा झाला आणि तोंडाला काम आलं. सून कशी चिरते, कशी पुसते, दार केवढ्याने लावते, यावर दिवसभर शेरे. सूनही काही कमी नव्हती, पण तिची तऱ्हा वेगळी. ती उत्तरच देत नसे. स्वयंपाकघरात दोघींचं बोलणं म्हणजे "मीठ?" "घातलं." एवढंच.

मग एकदा सुनेची मैत्रीण आजारी पडली. सुनेने तिच्यासाठी घरीच एक कार्ड केलं. जाड कागद मधोमध दुमडला, पेन्सिलीला टोक करताना निघणारी लाल काठाची सालं गोल चिकटवली, देठाच्या जागी हिरवा दोरा. आत 'लवकर बरी हो' लिहिलं आणि वाळायला ठेवलं. बाईंनी ते उचललं, उघडलं, मिटलं.

"फूल बरं आहे," त्या म्हणाल्या. "आत मात्र कोंबडी नाचून गेलीय."

"मग तुम्हीच लिहा," सून म्हणाली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि हे तिचं पहिलं उलट उत्तर.

बाईंनी लिहिलं. त्याला आता अकरा वर्षं झाली.

दुपारची भांडी आवरली की जेवणाच्या टेबलावर जुनं मेणकापड पसरायचं. एका बिस्किटांच्या डब्यात बटणं, दुसऱ्यात पेन्सिलींची सालं, तिसऱ्यात रंगीत मासिकांची कात्रणं. नागमोडी धारेची कात्री, गोंदाची बाटली, आणि घडीची खूण पाडायला एक रिकामी रिफील. जाड कागद तसाच दुमडला तर घडीवर भेगा पडतात. म्हणून आधी पट्टी धरून शाई संपलेल्या रिफीलने दाबून रेघ ओढायची, मग कागद आपोआप तिथेच वळतो. सून कापणार, चिकटवणार, रंगवणार. बाई आतल्या उजव्या पानावर पेन्सिलीने पुसट रेघा आखणार, लिहिणार, शाई वाळली की रेघा खोडून टाकणार. तयार कार्ड एका जाडजूड शब्दकोशाखाली, वर वजनाला इस्त्री. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात. दुकानदार म्हणायचा, लोक फुलं बघून उचलतात आणि अक्षर बघून घेतात. सुनेने हे घरी सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "शहाणा आहे." आणि थोड्या वेळाने, "फुलंही सुधारलीयत तुझी." एवढं कौतुक त्या घरात वर्षभर पुरायचं.

गेल्या वर्षीपासून मला काहीतरी वेगळं दिसायला लागलं. बाई माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघायच्या. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवायच्या. गिऱ्हाइकाने मजकुराची चिठ्ठी दिली की सुनेकडे सरकवायच्या. "तू वाच, माझे हात शाईचे आहेत." हात अगदी स्वच्छ असायचे.

सुनेलाही दिसत होतंच, पण दोघींनी एकमेकींना ताकास तूर लागू दिली नाही. ओळी खाली घसरू लागल्या, तेव्हा सूनच आधी रेघा आखून ठेवू लागली. नेहमीची पेन्सिल सोडून काळीभोर, मऊ शिशाची घेतली. बाई म्हणाल्या, "असले रस्ते कशाला आखतेस? खोडताना कागद फाटेल." आणि मग एक दिवस एका कार्डावर दुसरी ओळ पहिल्या ओळीवरच लिहिली गेली. 'तुमच्या नव्या घरात' आणि 'सुख नांदो' एकमेकांत असे गुंतले, की दोन्हीतलं काहीच वाचता येईना. सुनेने ते कार्ड मुकाट्याने बाजूला ठेवलं आणि नवं केलं. बाईंना म्हणाली, माझ्या हातून गोंद सांडला.

पण असं किती झाकणार? एक कार्ड तसंच दुकानात गेलं आणि परत आलं. बाईंच्या मुलाच्या हाती पडलं. मुलगा बस आगारात वेळापत्रकं लावतो. त्याला प्रत्येक गोष्टीचं एक सरळ उत्तर हवं असतं. त्याने रात्री जेवताना विषय काढला. डोळे तपासून घेऊ. आणि लिहिणं आता पुरे. मजकूर छापून आणू, चिकटवून टाकायचा, कुणाला काय कळतंय. तो वाईट मनाने बोलत नव्हता. बाईंनी पानातलं सगळं संपवलं, हात धुतले आणि म्हणाल्या, माझे डोळे मला दिसतात तेवढे पुरे आहेत. डॉक्टरकडे जायला त्या का कबूल होत नव्हत्या, ते सुनेला त्या क्षणी कळलं. डॉक्टरने आजाराला नाव दिलं की हातातलं पेन जाणार. आणि पेन गेलं की टेबल जाणार, दुपार जाणार, आणि दोघी पुन्हा 'मीठ?' 'घातलं' वर येणार.

नेमकी त्याच आठवड्यात मोठी मागणी आली. बालवाडीतल्या शिक्षिका निवृत्त होणार होत्या. बत्तीस मुलांच्या आयांना प्रत्येकी एक कार्ड हवं होतं आणि प्रत्येकीचा मजकूर निराळा. दुकानदार भला माणूस, पण मागचं परत आलेलं कार्ड तो विसरला नव्हता. सुनेला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, या खेपेला ओळी सरळ हव्यात. नाहीतर छापूनच द्या, मी वाईट वाटून घेणार नाही."

वाईट वाटून घेणारी व्यक्ती दुसरीच होती, हे त्याला कसं सांगणार?

पहिली दोन-चार कार्डं दुमडण्यासाठी सून रिफीलने घडीची रेघ ओढत होती. ओढून झाल्यावर सवयीने तिने तिच्यावरून बोट फिरवलं, आणि बोट तिथेच थांबलं. डोळे मिटले तरी ती रेघ दिसत होती.

त्याच रिफीलने तिने आतल्या पानावर पाच रेघा ओढल्या, पेन्सिलीची एकही नाही. कार्ड बाईंपुढे ठेवलं आणि पहिला मजकूर वाचून दाखवला. बाईंनी डाव्या हाताचा अंगठा कागदावरून फिरवला, थांबल्या, आणि लिहायला लागल्या. पहिला शब्द सुरेख उतरला. मग त्यांनी नेहमीप्रमाणे एका दमात अक्षरांवरची रेघ ओढली. निब त्या खाचेत उतरलं आणि शाई पाटाच्या पाण्यासारखी थेट कडेपर्यंत धावली.

बाईंनी निब पुसलं. "कागद दमट आहे का गं?"

"असेल," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे आली. जुना, जाड, मऊ पडलेला टॉवेल आहे का? मी कारण विचारलं, तर म्हणाली, इस्त्रीला. मी दिला. तिने त्याची चौघडी टेबलावर घातली, कार्ड उघडून त्यावर पालथं ठेवलं आणि रेघा मागच्या बाजूने ओढल्या. मऊ टॉवेलवर दाबल्यामुळे त्या आतल्या पानावर उठून आल्या. खाच नाही, बारीकसा बांध. आता शाई धावायला जागाच नव्हती. अक्षर त्या बांधाखाली टांगायचं, बस. नंतर शब्दकोश आणि इस्त्रीखाली कार्ड ठेवलं की बांध सपाट होई आणि काही झालं होतं याचा मागमूस राहत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या दुपारी बाईंनी सहा कार्डं लिहिली. ओळी अशा, की पट्टी लावून बघावी. संध्याकाळी बाईंनी मुलाला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, की दमट कागदाचा तो गठ्ठा संपला वाटतं.

रोज पाच-सहा होत होती. शेवटच्या दिवशी पाकिटं कापायला मीही जाऊन बसले. टेबलाच्या एका टोकाला सून, दुसऱ्या टोकाला बाई, मध्ये बटणांचे डबे. सून मजकूर वाचायची. "माझा मुलगा शाळेत रडायचा, आता घरी यायला रडतो." बाई म्हणायच्या, "बरं लिहिलंय हिने," आणि लिहायच्या. एका आईने दीड पानाचा मजकूर दिला होता. बाई म्हणाल्या, "हिला सांग, कार्ड आहे, खटल्याचे कागद नव्हेत." सुनेने तो चार ओळींत बसवला.

सत्ताविसावं की अठ्ठाविसावं कार्ड असेल. सुनेचा अंगठा आता दुखत होता. रिफील दाबून दाबून त्याला फोड आला होता. तिने कार्ड सरकवलं. बाईंनी नेहमीसारखा अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. पेन खाली ठेवलं आणि कार्ड सुनेकडे परत सरकवलं.

"ही रेघ फुसकी आहे," त्या म्हणाल्या. "जरा दाबून ओढ."

माझी कात्री थांबली. सून कार्डाकडे बघत राहिली. नंतर तिने टॉवेल सारखा केला, कार्ड पालथं घातलं, पट्टी लावली आणि रेघ पुन्हा ओढली. कार्ड परत देताना तिने हळूच विचारलं, "तुम्हाला कधीपासून कळलं, आई?"

"पहिल्या दिवसापासून. पस्तीस वर्षं कागद हाताळलाय मी. मागच्या बाजूने ओढायची अक्कल तुला मात्र दुसऱ्या दिवशी आली."

सुनेला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तिने ते मनगटाने पुसलं, कारण बोटांना गोंद होता. बाईंना ते दिसलं नसेल. पण त्या तिच्या कानाकडे बघत जरा थांबल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस का?" बाई म्हणाल्या. नंतर पेनाचं टोपण लावत, काढत, त्यांनी ते सांगितलं. बघते त्याच्या बरोबर मधोमध एक डाग असतो. कुणीतरी ओलं बोट फिरवल्यासारखा. कडेचं सगळं दिसतं. म्हणून माणसाचा चेहरा बघायचा तर कानाकडे बघावं लागतं. अक्षर बघायचं तर त्याच्या शेजारी बघावं लागतं. सुरुवातीला वाटलं, चष्म्याचा नंबर असेल. मग चष्मा धुतला. मग कळलं. "तुझ्या नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी छापखाना गाठला असता. त्याच्या गाड्या वेळेवर सुटतात, हेच त्याचं कौतुक."

"आणि मला?"

"तुला सांगायची वेळच आली नाही. तू आधीच रेघा ओढत बसली होतीस." त्यांनी कार्ड स्वतःकडे ओढलं, बांध चाचपला आणि मान डोलावली. "आता ठीक आहे. आणि दोन रेघांत बोटभर अंतर जास्त ठेव. माझी अक्षरं म्हणजे मुंग्या नव्हेत."

त्यानंतरची चार कार्डं फार लवकर झाली. आता लपवायचं काहीच नव्हतं, त्यामुळे बाई रेघ मागून घेत होत्या. ही जरा तिरपी आहे, ही चांगली आहे, ही कुणी ओढली, पाकिटं कापणारीने का? ती मीच ओढली होती. सुनेचा अंगठा सोडवायला म्हणून. पहिल्याच खेपेला पकडली गेले.

दुकानदाराने बत्तीसच्या बत्तीस कार्डं उघडून बघितली. एकाही ओळीला नाव ठेवायला जागा नव्हती. त्याने विचारलं, आईंचा चष्मा बदलला का? सून म्हणाली, "नाही, रेघ बदलली." तो समजल्यासारखा हसला.

घरी आल्यावर तिने हे सांगितलं. बाई मेणकापडाची घडी घालत होत्या, काठाला काठ अंगठ्याने जुळवून. घडी कपाटात ठेवली आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "त्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घे. नवऱ्याला सांगू नकोस, तू घे. आपण दोघी जाऊ."

"उद्याचीच घेते."

"घे. पण डॉक्टरने लिहिणं बंद करा म्हटलं, तर तिथून उठून यायचं. दोघींनी."

सून म्हणाली, "उठून येऊ." आणि वेळ घ्यायला फोन शोधायला लागली. पेन्सिलीच्या सालांच्या डब्याखाली तो सापडला.