अस्तापूर्वी सांगितलेला अस्त

हे मी कोणालाही सांगितलेले नाही. देवापुढे रोज बसतो — पण तेथेही ते शब्दांत मांडले नाही. त्याला ठाऊक आहेच, एवढ्यावर भागवत आलो. मग आज तुम्हालाच का सांगतो आहे? सूनबाईच्या संगणकामुळे.

सूनबाई महाविद्यालयात जावा ही संगणकाची भाषा शिकवते. विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी तिने रांगेचा एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि उदाहरण घेतले आमच्या गोदाघाटाचे — दशक्रियेसाठी माणसे रांगेत उभी, समोर एकच गुरुजी, ठरलेला वेळ संपला की काम बंद.

"किती वेळ गेला ते हा बरोबर मोजतोय का, एवढं घड्याळ लावून बघाल, बाबा? आणि रांगेसाठी नावं सांगा. तुमच्याकडे यजमानांना काय तोटा!"

मी नावे सांगितली. शेवटचे माझ्याही नकळत तोंडून निघाले — दामोदर.

नावे एकेक करून पुढे सरकली. मग पडद्यावर उमटले: वेळ संपला. रांगेत शिल्लक — दामोदर. माझ्या मनगटावरच्या घड्याळात मात्र वेळ उरला होता.

"अगं बाई!" सूनबाई हसली. "आपण नावं टाइप करत होतो ना, तेव्हापासूनच यानं वेळ धरलाय. बिचाऱ्या दामोदरला उगाच परत पाठवलं की हो!"

उगाच — हा शब्द तिने किती सहज उच्चारला. मी पाणी मागितले.

खरा दामोदर ओझरकडून आला होता. फार वर्षे झाली. बायकोचा दहावा. बस चुकली, म्हणून रांगेत शेवटी उभा. मला नाशिक रोडला पोहोचायचे होते. तेथे माझ्या संस्कृत अध्यापनाबद्दल सत्कार होता. शाल आणि श्रीफळ — होय, एवढ्यासाठीच. पंचांग झोळीत होते. अस्ताला अवकाश आहे, हे मी जाणत होतो. तरीही म्हणालो, अस्त झाला. आता पिंड देता येत नाही.

"गुरुजी, ऊन हाय की अजून."

मी काय केले असेल? खड्या स्वरात एक श्लोक म्हटला. तो नामांच्या लिंगांविषयीचा होता — व्याकरणाचा! त्याने शास्त्र म्हणून हात जोडले. "मग तिचं कसं?" एवढेच विचारले. उद्या या, म्हणालो. दहावा दिवस उद्या कसा येणार — हे मला ठाऊक नव्हते काय?

पायऱ्या चढून मागे पाहिले. भाताचा पिंड त्याने स्वतःच फरशीवर मांडला होता आणि हात जोडून तो कावळ्यांकडे पाहत बसला होता. कावळे भिंतीवर होते. एकही हलत नव्हता. आणि त्याची सावली — अस्तानंतर कसली सावली? — पायऱ्या चढत माझ्या पावलांपर्यंत आली होती. मी पाय बाजूला घेतला आणि निघालो. सत्कार झाला. शाल घेतली.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. पिंड तसाच होता. त्याला मुंगीसुद्धा लागली नव्हती.

सूनबाईने प्रोग्राममधली वेळ धरणारी ओळ नावांच्या खाली सरकवली. "आता बघा." या खेपेला दामोदरचा क्रम आला, नावापुढे उमटले — पूर्ण. ती चहा टाकायला गेली. मी प्रोग्राम पुन्हा चालवला. तो पुन्हा रांगेत शेवटी उभा. पूर्ण. पुन्हा चालवला — पुन्हा उभा. ती कळ मी किती वेळा दाबली असेल? चहा निवून गेला.

अजूनही सायंसंध्येला घाटावर जातो. पश्चिमेकडे तोंड करून उभा राहतो. सूर्य समोर असतो, मध्ये कोणीही नसते — आणि तरी एक लांब सावली पायऱ्या चढत येते, माझ्या पावलांशी थांबते. आता मी पाय बाजूला घेत नाही.