सखूबाईंचा रिकामा रकाना

आज जिनिंगच्या बंद फाटकासमोरून कापसाचा टेम्पो गेला आणि सरकीचा तो तेलकट, उबदार वास आला. हातातली यादी वाचता वाचता मी थांबले.

सेलूच्या या जिनिंगमधल्या कामगारांनी संप केला, तेव्हा आई इथं कापूस निवडायला होती. दरवर्षी संप सुरू झाला त्या तारखेला फाटकापाशी संपकऱ्यांची नावं पुकारतात. हयात असेल तो स्वतः ‘हाजर’ म्हणतो. गेलेल्यांसाठी घरचं माणूस म्हणतं.

नऊ वर्षांची असताना नावांपुढे खुणा करायचं काम मी हट्टानं मागून घेतलं होतं. सखूबाईंचं नाव आलं. त्या नुकत्याच वारल्या होत्या. कोणीच बोलेना, तेव्हा शेजारून आई म्हणाली, “हाजर.”

“आई, तुझी कोण लागते ती? खोटं कामून बोललीस?”

“खोटं कशाचं? संपात एका भाकरीवर दोघी बसलो व्हतो आमी. तिच्या मागं कोनी न्हाई. कर खूण.”

मी केली नाही. नियम म्हणजे नियम. आई दरवर्षी ‘हाजर’ म्हणत राहिली आणि मी तो रकाना दरवर्षी रिकामा ठेवला.

आता पुकारायचं कामही माझ्याकडेच आहे. यंदा आईचं नाव मीच पुकारलं आणि मीच ‘हाजर’ म्हणाले. घरचं दुसरं कोणी नाही. पुढचं नाव सखूबाईंचं होतं. समोरची आठ-दहा माणसं गप्प उभी होती.

“हाजर,” मी म्हणाले आणि खूण केली. शेजारी बघायला आई नव्हती.