टाचेचं रक्त

बाळ आठवड्याचं होत आलं होतं तेव्हा डॉक्टरीणबाईंचा फोन आला. जन्मल्यावर हॉस्पिटलात बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे ठिपके घेतले होते, त्यातला एक आकडा वाढलेला होता. प्रोटीन वापरण्यातच जन्मजात दोष असू शकतो, अंगात आम्ल साचून जिवावर बेतू शकतं, आजच या, असं त्या सांगत होत्या. मी "ओके" म्हटलं आणि डिशवॉशर रिकामा करत राहिले.

बाळंतपणासाठी भारतातून इथे अमेरिकेत, सनीव्हेलला आलेली आई रडली. नवरा गाडी चालवताना रडला. मला काहीच होत नव्हतं. सगळे म्हणाले, किती धीराची आहेस. धीर कसला, नुसता दगड झाला होता माझा. गरोदरपणात हातापायांना मुंग्या यायच्या, पुढे तळवे बधीर झाले. त्याचं खापर मी वाढलेल्या वजनावर फोडलं होतं.

क्लिनिकमध्ये बाळाचं रक्त पुन्हा घेतलं. दोष खरा असेल तर आतड्यातले जीवाणूही त्या आम्लात भर घालतात, म्हणून अशा मुलांना अधूनमधून अँटिबायोटिक द्यावं लागतं, हेही कळलं. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मी काय खाते. आई अभिमानाने म्हणाली, आमच्याकडे अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही. मी ते इंग्रजीत सांगितलं. दुधाच्या वासाने मळमळायचं, म्हणून तेही सुटलं होतं. त्यांनी माझंही रक्त घेतलं.

रिझल्ट येईपर्यंत मी गजर लावून बाळाला पाजत होते. त्याच्या तोंडाकडे बघावंसं वाटत नव्हतं.

दोष निघाला नाही. मांस, अंडी, दुधातून मिळणारं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व माझ्यातच जवळजवळ नव्हतं, म्हणून बाळातही नव्हतं; ते कमी पडलं की तोच आकडा वाढतो, आणि हातपायही बधीर होतात. आईला पटेना. पोटातले जीवाणू ते बनवत नाहीत का? बनवतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण मोठ्या आतड्यात, इतक्या खाली की शरीराला ते घेता येत नाही. घरात पिकतं आणि घरच्यांनाच मिळत नाही, याचा मला रागही आला नाही. दोघांना इंजेक्शनं सुरू झाली.

काही आठवड्यांनी सकाळी बाळाला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात अनवाणी उभी होते. फरशी गार लागली. कितीतरी दिवसांनी पायाला काही लागलं. बाळ झोपेत होतं, गुटगुटीत, ठणठणीत बरं. आणि मला भीती वाटली. ते गेलं असतं तर, या विचाराने मी खालीच बसले आणि हमसून रडले.

आई धावत आली. "अगं, आता काय झालं?"

"आई, तो फोन आला होता ना," मी म्हटलं.